कोलोसल केव्ह : कागदावर उतरवलेली गुहा

शनिवार, ४ जानेवारी २०२५

आजपासून काम सुरू. १९७७चा 'अ‍ॅडव्हेंचर', म्हणजेच कोलोसल केव्ह, मी आजवर कधी खेळलेलो नाही. तो आरंभापासून शेवटपर्यंत खेळायचा आणि खेळता खेळता त्या गुहेचा पूर्ण नकाशा हातानं काढायचा. तयार नकाशे नेटवर हवे तेवढे आहेत. त्यांतला एकही उघडायचा नाही, कोड्यांची उत्तरंही वाचायची नाहीत.

या खेळात चित्र नाही, आवाज नाही. तुम्ही उभे आहात त्या जागेचं दोन-चार ओळींचं वर्णन पडद्यावर येतं, तुम्ही एक किंवा दोन शब्द टाइप करता, की पुढची जागा. नंतर आलेल्या सगळ्या 'अ‍ॅडव्हेंचर गेम्स'ना हे नाव याच खेळावरून मिळालं. मी लिनक्सवरच्या जुन्या 'बीएसडी गेम्स' संचातली प्रत खेळतोय. जिम गिलोग्ली यांनी १९७७मध्येच ती सी भाषेत उतरवली. एकूण गुण ३५०, खजिने १५.

आता या कामामागचं कारण. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा आहे. चुनखडीत पाण्यानं कोरलेली, आजवर मोजलेली लांबी ६८० किलोमीटरच्या वर. विल आणि पॅट्रिशिया क्राउदर हे जोडपं तिथं मोजणीला जायचं आणि ते आकडे संगणकात भरून नकाशे काढायचं. फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे ९ सप्टेंबर १९७२ रोजी ज्या तुकडीनं दाखवून दिलं, तिच्यात पॅट्रिशिया होत्या. विल हे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणकजाळ्यावर, काम करणारे प्रोग्रामर. घटस्फोटानंतर त्यांचं गुहेत जाणं सुटलं. १९७५-७६च्या सुमारास त्यांनी पीडीपी-१० संगणकावर, फोरट्रानमध्ये, आपल्या दोन मुलींना खेळता यावी म्हणून ती गुहा शब्दांत लिहिली. ते डंजन्स अँड ड्रॅगन्स हा जादू-राक्षसांच्या काल्पनिक जगातला खेळ खेळायचे, त्यातली थोडी जादू आत आली. पुढे स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांना हा प्रोग्राम सापडला. त्यांनी आर्पानेटवरच्या प्रत्येक संगणकावर 'क्राउदर' या नावानं पत्र पाठवून लेखकाला गाठलं, परवानगी घेतली आणि १९७७मध्ये खेळ कितीतरी वाढवला.

म्हणजे या गुहेचा एक भाग गुडघे फोडून घेतलेल्या मोजणीदारानं लिहिलाय आणि दुसरा कल्पनेतून वाढलाय. त्या दोहोंमधला सांधा नकाशा काढताना कळेल का, हे मला पाहायचंय. ज्या जागेचं वर्णन मोजलेलं वाटेल तिथं टिंब, जिथं रचलेलं वाटेल तिथं फुली, नक्की सांगता येणार नाही तिथं प्रश्नचिन्ह. खेळ संपल्यावर क्राउदर यांच्या मूळ प्रोग्रामशी ताडून बघायचं.

रविवार, ५ जानेवारी

सुरुवातीला 'सूचना हव्यात का?' असं विचारलं. हो म्हटलं. त्यात एक सूचना अशी की खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरं वाचतो. 'नॉर्थईस्ट' लिहिलं तर त्याला फक्त 'नॉर्थ' समजतं, ईशान्येला जायचं तर 'एनई'. याचं कारण यंत्रात आहे. पीडीपी-१०च्या स्मृतीतलं एक घर ३६ बिटांचं, त्यात सात बिटांची पाच अक्षरं मावतात.

रस्त्याच्या टोकाला विटांची लहानशी इमारत, भोवती जंगल, इमारतीतून निघणारा ओढा. आत किल्ल्या, दिवा, खाणं आणि पाण्याची बाटली. सगळं घेतलं. ओढ्याच्या कडेनं दक्षिणेला गेलो तर एका ठिकाणी सगळं पाणी खडकातल्या दोन इंची फटीत गडप होतं आणि पुढचं पात्र कोरडं. पहिलं टिंब इथंच दिलं. चुनखडीच्या प्रदेशात ओढे असेच जमिनीत शिरतात आणि खालच्या गुहा त्यांनीच कोरलेल्या असतात. ज्यानं हे पाहिलंय तोच फटीची रुंदी लिहील.

पुढे २० फूट खोल खळगा, त्याच्या तळाशी सिमेंटात बसवलेली पोलादी जाळी. किल्लीनं उघडून खाली. मग गोट्यांवरून सरपटत जायची बुटकी वाट, मग पृष्ठभागावरून वाहून आलेल्या गाळानं तुंबलेली खोली. गुळगुळीत गोटे, चिखल, तुंबलेली वाट, सगळ्यांमागं एकच पाणी. या खोलीच्या भिंतीवर एक जादूचा शब्द लिहिलेला आहे, इंग्रजी वर्णमालेच्या शेवटच्या तीन अक्षरांचा: एक्स, वाय, झेड, झेड, वाय. तो टाइप केला की थेट विटांच्या इमारतीत. पुन्हा टाइप केला की परत गाळाच्या खोलीत. टिंब आणि फुली एकाच चौकोनात.

पश्चिमेला तीस फूट उंच दालन, भिंती म्हणजे गोठलेल्या नारिंगी दगडाच्या नद्या. पुढे एक छोटा खड्डा, त्यातून पांढरं धुकं श्वासासारखं वर येतंय. पायऱ्या उतरल्या की धुक्याचं दालन, आणि जिन्यावरून वर येणारा गार वारा. मोठ्या गुहांमधून हवेचा असा झोत खरंच वाहत असतो. आज एवढंच, पण कागदाचा पूर्व कोपरा भरला.

शनिवार, ११ जानेवारी

पक्षी, काठी आणि साप. या तिघांवर सगळी संध्याकाळ गेली आणि ती फार आनंदात गेली.

नारिंगी दालनात एक पक्षी आहे. गोट्यांच्या वाटेत पिंजरा मिळतो, गाळाच्या खोलीत टोकाला गंजलेला तारा असलेली काळी काठी. दोन्ही घेऊन पक्ष्याकडे गेलो की तो बिथरतो, हाती लागत नाही. वर्णन म्हणतं की तुम्ही आत आलात तेव्हा तो घाबरलेला नव्हता, जवळ येताना घाबरला. म्हणजे हातातलं काहीतरी त्याला नको आहे. काठी मागं ठेवून गेलो, पिंजऱ्यात सहज आला. पुढे डोंगरराजाच्या दालनात हिरवा साप वाट अडवून बसलाय. तिथं पक्षी सोडला, आणि त्या चिमुकल्यानं सापाला पिटाळून लावलं.

काठी परत आणून धुक्याच्या दालनातल्या भेगेपाशी हलवली तर स्फटिकाचा पूल उभा राहिला. पलीकडे हिरे.

कोडं असावं तर असं. लागणारं सगळं वर्णनात आहे, नीट वाचणाऱ्याला ते मिळतं. दुसऱ्या बाजूला, साप पाहून पक्षी का आठवावा याचा धागा कुठंच दिलेला नाही. तिथं खेळाडूच्या हाताशी जे आहे ते करून पाहण्याची वृत्ती लागते. दोन्ही प्रकार एकाच साखळीत येतात म्हणून ही साखळी मला आवडली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी, दुपारी थोडा वेळ मिळाला.

सोन्याचा गोळा घेऊन जिना चढता येत नाही. तो उचललात की वरची वाटच बंद. डोंगरराजाच्या दालनाच्या उत्तरेला एक मोठी खोली आहे, मधल्या दगडावर ठळक अक्षरांत 'वाय२'. तिथं मधूनमधून एक पोकळ आवाज 'प्लघ' म्हणतो. तेच टाइप केलं तर विटांच्या इमारतीत, सोन्यासकट. आवाज जादूचा, पण 'वाय२' ही मोजणीदारांची खूण आहे, स्थानकांना ते असेच अक्षर-अंक देतात. टिंब.

रविवार, १९ जानेवारी

कागदाची खरी अडचण सुरू झाली. या गुहेत उत्तरेला गेलात म्हणून दक्षिणेला वळून परत येत नाही. वाटा वळतात, खाली उतरून दुसऱ्या बाजूनं निघतात. आतापर्यंत मी चौकोन आणि सरळ रेघा वापरत होतो. आजपासून प्रत्येक रेघेला दोन्ही टोकांना बाण आणि बाणापाशी दिशा. खोल्यांची जागा कागदावर कुठंही असो, बाण खरे पाहिजेत. मोजणीदाराच्या नकाशात अंतर आणि कोन असतात. माझ्याकडे फक्त जोडण्या आहेत, म्हणून हाच प्रामाणिक नकाशा.

बेडक्विल्ट नावाची जागा लागली. इथं एकाच दिशेनं गेलं तरी प्रत्येक वेळी वेगळीकडे पोचतो, कधी नुसतं बिळांतून सरपटून तिथंच परत येतो. बेडक्विल्ट हे मॅमथ परिसरातल्या एका खऱ्या प्रवेशद्वाराचं नाव आहे, आणि दिशा हरवणं हेच त्या भागाचं वर्णन असावं असं वाटत राहिलं. टिंब, आणि भोवती तुटक रेघेचं वर्तुळ.

रविवार, २६ जानेवारी

भुलभुलैया. धुक्याच्या दालनाच्या पश्चिम टोकाला, जमिनीपासून सहा फुटांवर, दक्षिणेला एक छोटी वाट आहे. तिथून आत गेलं की वळणावळणाच्या छोट्या वाटांचं जाळं, आणि प्रत्येक ठिकाणचं वर्णन अक्षरशः सारखं. पुढे जायचं तर प्रत्येक जागेत एकेक वस्तू टाकून खूण करावी लागते. हातात एका वेळी सातच वस्तू राहतात, म्हणून खुणा पुरवून वापरायच्या: किल्ल्या, बाटली, पिंजरा, काठी. खजिने इथं टाकायचे नाहीत, कारण एक समुद्री चाचा, म्हणजे लुटारू, मधूनच येऊन ते पळवतो आणि जाताना सांगतो की ते आपल्या पेटीजवळ, भुलभुलैयात खोल लपवीन. ती धमकी म्हणजे पत्ताच. पेटी याच जाळ्याच्या एका टोकाला मिळाली.

मी चौकोन काढत होतो, भाची शेजारी बसून बाण वाचून दाखवत होती. एका टोकाला वेगळं वर्णन आलं: तीस फुटी खड्ड्याची कड, एका भिंतीवरून खाली उतरणारा भलामोठा नारिंगी स्तंभ, इथून उतरता येईल पण परत चढता येणार नाही.

"मामा, नारिंगी दगड आधी पण आला होता ना? पक्ष्याच्या तिथं?"

उंची तीस फूट, दगड नारिंगी. उतरलो, आणि खाली पक्ष्याचं दालन! कागदावर या दोन जागांमध्ये एक वीतभर अंतर होतं. दोन वर्णनं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि मधला खडक एकच. चुनखडीच्या पाण्यातून साचणारे असे पडदे आणि स्तंभ लोहामुळे नारिंगी-तांबूस दिसतात. ज्यानं हे लिहिलं त्याच्या डोक्यात ही जागा उंची-खोलीसकट उभी होती, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. स्तंभाला मोठं टिंब. भुलभुलैयाला मात्र प्रश्नचिन्ह: सगळ्या खोल्या सारख्या असणं ही जागेची नक्कल की प्रोग्रामरची युक्ती, ते वाचून ठरत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

बुटक्यांनी चाकू फेकून हैराण केलं. पहिल्या बुटक्यानं फेकलेली कुऱ्हाड उचलून त्यांच्यावरच फेकायची. नकाशात भर नाही.

दुसरा भुलभुलैया सापडला, लांब दालनाच्या पश्चिमेला. तिथं वर्णनं सारखी वाटतात पण प्रत्येकात शब्दांचा क्रम वेगळा आहे. वस्तू टाकायची गरज नाही, वाचलं की पुरतं. आत बॅटऱ्यांचं यंत्र आहे आणि त्याला नाणी लागतात. नाणी म्हणजे खजिना. उजेड विकत घ्यायचा तर गुण द्यायचे, हा हिशेब चोख आहे. फुली.

रविवार, ९ फेब्रुवारी

बेडक्विल्टच्या पलीकडे वर्णनांचा सूर बदलला. दोन खड्ड्यांच्या खोलीत एक रोप पाणी मागतं. पाणी घातलं की वाढतं, आणखी घातलं की वरच्या भिंतीतल्या भोकापर्यंत वेल. वर राक्षसाची खोली, सोन्याची अंडी. गंजलेल्या दाराला पूर्वेच्या खड्ड्यातलं तेल. धबधब्याच्या गुहेत त्रिशूळ, त्रिशुळानं उघडणारा शिंपला, त्यातून घरंगळत गेलेला मोती. आता फूट-इंच क्वचित येतात, आणि प्रत्येक खोलीत काहीतरी 'ठेवलेलं' आहे. आधीच्या गुहेत रिकाम्या जागा पुष्कळ होत्या, नुसते पडाव आणि फाटे. खऱ्या गुहेत बहुतेक जागा अशाच असतात. ओळीनं फुल्या.

ड्रॅगन गालिच्यावर बसलाय. त्याला मारायची आज्ञा दिली तर खेळ विचारतो, कशानं, नुसत्या हातांनी?

"हो म्हण ना मामा," भाची म्हणाली. "विचारतोय तर उत्तर दे."

हो लिहिलं. ड्रॅगन मेला. मी तो प्रश्न दटावणी म्हणून वाचला असता, तिनं तो प्रश्न म्हणून वाचला. हा खेळ लहान मुलांबरोबर खेळावा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दरीवरचा पूल, खाली राहणारा ट्रोल नावाचा दांडगा प्राणी, आणि त्याला जकात म्हणून एक खजिना. सोन्याची अंडी दिली, कारण राक्षसाच्या खोलीत लिहिलेले चार शब्द एकामागून एक म्हटले की ती जागेवर परत येतात. पलीकडे साखळीनं बांधलेलं अस्वल. सुरुवातीपासून जपलेलं खाणं त्याला दिलं, साखळी सोडली, ते मागं मागं येऊ लागलं. पुलापाशी अस्वल ट्रोलवर सोडलं आणि ट्रोल किंचाळत पळाला. अस्वलाला पुलावर नेलं तर पूल मोडतो, ते आधीच करून पाहिलं होतं. डाव साठवून ठेवलेला होता.

याच बाजूला ज्वालामुखी आहे. सगळ्या खेळातलं सर्वांत लांब वर्णन, लाव्हा, ठिणग्या, राख, उकळते झरे. फार देखणं लिहिलंय. पण आम्ही सह्याद्रीत वाढलेली माणसं, लाव्हाचा खडक पायाखालचा. चुनखडीच्या गुहेत असा पेटता ज्वालामुखी बसत नाही. हे वाचताना मला पहिल्यांदा गुहेऐवजी लिहिणारा दिसला, एक तरुण प्रोग्रामर, मिळालेल्या जगाच्या टोकाला उभा राहून स्वतःचं जग जोडणारा. मोठी फुली दिली, पण आदरानं. कागद संपला होता म्हणून ईशान्येला नवीन शीट चिकटवलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. पाचूची खोली. तिच्याकडे जाणारी वाट इतकी अरुंद की पाचूखेरीज काहीच नेता येत नाही, दिवासुद्धा नाही. आणि पलीकडे अंधारी खोली, तिथं दिव्याशिवाय चालत नाही. 'वाय२'वरून 'प्लव्हर' हा शब्द वापरला तर दिव्यासकट पोचतो, पण त्या शब्दानं पाचू बाहेर येत नाही. म्हणून अंधाऱ्या खोलीतला पिरॅमिड शब्दानं आणायचा आणि पाचू वाटेनं. वुड्स यांच्या बाजूचं मला सर्वांत आवडलेलं कोडं हेच. जागा आणि शब्द दोन्हींना आपापली मर्यादा आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सगळे खजिने इमारतीत. गुहा बंद होत असल्याची घोषणा झाली आणि नंतर मी एका कोठारात, जिथं खेळातल्या वस्तूंचे साठे मांडून ठेवलेत. तिथल्या काही काठ्यांच्या टोकाला तारा नाही, गंजलेली खूण आहे. त्या काठ्या म्हणजे सुरुंग. ईशान्य टोकाला एक ठेवून नैऋत्य टोकाला जायचं आणि उडवायचं. खूप वेळ लागला आणि समाधान कमी मिळालं. गुहेत शिकलेलं काहीच इथं कामाला येत नाही. गुण ३४४.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, दिवसभर घरी. ताडून पाहण्याचं काम आज केलं.

क्राउदर यांचा मूळ प्रोग्राम बरीच वर्षं हरवला असं समजलं जायचं. तो वुड्स यांच्या स्टॅनफर्डमधल्या जुन्या खात्याच्या बॅकअपमध्ये सापडला आणि डेनिस जर्झ या अभ्यासकानं २००७मध्ये त्यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. जर्झ स्वतः केंटकीतल्या गुहेतही उतरले. जाळी खरी आहे.

निळी शाई क्राउदर, लाल शाई वुड्स. ओढा, खळगा, गोटे, धुकं, 'वाय२', बेडक्विल्ट: निळं. रोप, राक्षस, ट्रोल, अस्वल, ज्वालामुखी, चाचा, कोठार: लाल. सारख्या वर्णनांचा भुलभुलैया निळा, वेगळ्या शब्दक्रमाचा लाल. प्रश्नचिन्ह सुटलं. आणि पक्षी, साप, काठी, स्फटिकाचा पूल, बुटके, दोन्ही पहिले जादूचे शब्द, हे सगळं निळं आहे. म्हणजे खरी गुहा आणि जादू असा हा सांधा नाही. जादू क्राउदर यांच्याकडेही आहे, पण ती मोजलेल्या खडकात ठेवलेली आहे. वुड्स यांच्याकडे जादूसाठी खडक तयार केलेला आहे.

मग वुड्स यांच्या प्रोग्राममधला गुणांचा हिशेब वाचला. क्राउदर यांच्या खेळात गुण नव्हतेच, ते वुड्स यांनी आणले. त्यांनी खजिन्यांना क्रमांकानुसार गुण दिलेत. पेटीच्या आधीचे पाच, म्हणजे सोनं, हिरे, चांदी, दागिने, नाणी, यांना प्रत्येकी १२. पेटीला १४. पेटीनंतरच्या नऊंना प्रत्येकी १६. ते पाच म्हणजे नेमके क्राउदर यांचे पाच! मी दोन महिने पेन्सिलीनं शोधत होतो तो सांधा वुड्स यांनी आकड्यांत लिहून ठेवलेला होता, आणि प्रत्येक खेळाडूच्या गुणांत तो असतो.

उरलेले सहा गुणही तिथंच सापडले. सुरुवातीला सूचना मागितल्या की दिवा ३३०ऐवजी १००० खेळ्या जळतो आणि ५ गुण वजा होतात. आणि एक गुण, 'स्पेलंकर टुडे' हे मासिक 'विट्स एंड' नावाच्या जागी नेऊन ठेवल्याचा, जिथून बाहेर पडायचा जवळपास प्रत्येक प्रयत्न फसतो. जुना साठवलेला डाव उघडून मासिक ठेवून आलो.

शीटवरचं राहिलेलं काम: प्रत्येक खजिन्याशेजारी त्याचे गुण लिहायचे, १२ निळ्यानं, १६ लालनं. पेटीही वुड्स यांचीच, तिचे १४ लालनं.